जोडीने बसायचा मान

माझा स्वभाव तिखट आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाची तक्रार नको. कौतुक हा पदार्थ आमच्या घरात शिजतच नसे. पिढ्यान्‌पिढ्या भिक्षुकी आणि मास्तरकी. वडिलांनी कधी कुणाला 'छान केलंस' म्हटलं असेल तर ते आमच्या गाईला, आणि तेही ती लाथ मारायची थांबली तेव्हा. अशा घरातला मी यंत्रांच्या नादी लागलो, मुंबईला जाऊन शिकलो आणि लढाईच्या वर्षांत नगर जिल्ह्याच्या उत्तरेला, कालव्याखालच्या उसात उभ्या असलेल्या एका साखर कारखान्यात नोकरीला लागलो. ऊस पिळून रस काढायचे मोठाले चरक असतात, त्या चरकखात्याची एक पाळी माझ्याकडे होती. भटाचा मुलगा ग्रीसने हात काळे करतो म्हणून नातेवाईक हळहळले. मी म्हटलं, हळहळा बापडे.

लग्नानंतर बायको एक हंगाम माझ्याबरोबर तिथे राहिली. नगरात नालेगावात वाढलेली, सातवीची फायनल पास झालेली, वाचायची आवड असलेली मुलगी. वसाहतीत तिच्याशी दोन शब्द बोलेल असं कुणी नव्हतं. घरावर पत्रा, दारात मळीचा वास, आणि माश्या इतक्या की आमटीत दिसतंय ती मोहरी की माशी, हे बघून घास घ्यावा लागे. मी दिवसभर कारखान्यात, आणि घरी आलो की आंघोळ करून आडवा. हंगाम संपल्यावर ती माहेरी गेली ती तिथेच राहिली. भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, भांडणाची समजूत घालता येते. सासऱ्यांचा निरोप यायचा, प्रकृती जरा नरम आहे, पावसाळ्यानंतर पाठवतो. पावसाळे आले नि गेले. वसाहतीत कुणी विचारलं तर मी 'माहेरी आहे' म्हणायचो, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

मी एकटा पडलो होतो, हे सरळच लिहितो. खानावळीत जेवायचो, तिथेही कोपऱ्यातला पाट धरून. घरात दोन माणसांची भांडी होती, ती फळीवर तशीच पालथी असायची. कुणाशी बोलायचं म्हणजे कामावर, आणि कामावर बोलायचं म्हणजे भांडायचं.

भांडण मुख्यतः पॅनवाल्यांशी. पॅन म्हणजे रस आटवून त्यात साखरेचा दाणा धरायची बंद, अवाढव्य कढई. आम्ही चरकात चिपाडावर पाणी मारायचो, म्हणजे त्यात राहिलेली गोडी निघून येते. त्यामुळे रस पातळ होतो, आणि पातळ रस आटवायला वाफ जास्त लागते. पॅनखात्याचा मुकादम जवळच्याच खेड्यातला, शेतकरी घरातला, माझ्याहून वयाने बराच मोठा. आडदांड गडी, आवाज चरकाच्या वर चढणारा. तो जिन्यावरून ओरडायचा, "पंत, रस धाडताय का शेताला पानी सोडताय?" मी खालून ओरडायचो, तुम्हाला आटवता येत नाही, टाक्या तुंबवून ठेवता आणि आमचा चरक बंद पाडता. चरक बंद पडला की दाराशी बैलगाड्यांची रांग लागायची, ऊस वाळायचा, आणि आम्ही दोघं मॅनेजरांपुढे उभे राहून एकमेकांकडे बोट दाखवायचो. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

मग मॅनेजर बदलले. नवे साहेब मुंबईकडचे, बुटके, पातळ आवाजाचे, डोक्यावर त्यांच्या मापाला मोठी पडणारी हॅट. हा काही टिकत नाही, असा निकाल आम्ही पहिल्याच दिवशी देऊन टाकला. साहेबांनी कुणाला रागावलं नाही, कुणाला काढलं नाही. एक पद्धत मात्र सुरू केली. शनिवारी सकाळची पाळी सुटताना सगळ्यांनी फाटकाशी थांबायचं. प्रत्येक खात्याने त्या आठवड्यात ज्याच्या हातून चांगलं काम झालं अशा एकाचं नाव सांगायचं, आणि काम काय झालं तेही सांगायचं. अट एकच, आपल्या खात्यातल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही. बक्षीस वगैरे काही नाही. साहेब ते नाव मोठ्याने घेत, त्या माणसाला पुढे बोलावत आणि त्याला हात जोडून नमस्कार करत, की झालं.

मी म्हटलं, नव्याचे नऊ दिवस. पहिल्या शनिवारी पॅनवाल्यांनी आमच्यातला असा माणूस निवडला जो आठवडाभर रजेवर होता. "त्यो न्हवता म्हनून चरक बरा चालला," हे मुकादमाने दिलेलं कारण. फाटकाशी हशा पिकला. साहेबही हसले आणि म्हणाले, पुढच्या वेळी हजर असलेल्याचं सांगा.

आता हजर असलेल्याचं सांगायचं म्हणजे आधी त्याच्याकडे बघायला हवं. इथे खरी मेख होती, आणि ती मला फार उशिरा कळली. पुढच्या आठवड्यात मी रागारागाने पॅनचा जिना चढलो, कुणाचं तरी नाव शोधायला. तिथे एक गडी खाली बसून पायऱ्यांवर सांडलेला पाक ओल्या गोणपाटाने पुसत होता. विचारलं तर म्हणाला, मागं एकजण घसरून पडला हुता, तवापास्नं पुसतो. त्याला हे काम कुणी सांगितलेलं नव्हतं. मी शनिवारी त्याचं नाव घेतलं. साहेबांनी हात जोडले तेव्हा तो मागे वळून बघायला लागला, की आपल्या पाठीमागे दुसरं कुणी उभं आहे काय.

त्या दिवशी संध्याकाळी मुकादम आमच्या खात्यात आला. मला वाटलं, भांडायला आला. तंबाखू चोळत थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "आमच्या गड्याला मान दिला तुमी." एवढंच म्हणून गेला. पण त्यानंतर टाक्या भरत आल्या की वरून निरोप यायला लागला, पंत, जरा दमानं. निरोप आला की मी चरक हळू करायचो, पाणीही थोडं कमी मारायचो. ओरडाआरडा थांबला असं नाही, आम्ही काही संत झालो नव्हतो. पण चरक बंद पडायचं कमी झालं आणि गाडीवानांच्या शिव्या थांबल्या.

पगार पोटाला लागतो, त्याबद्दल वाद नाही. लढाईच्या महागाईत तर तो पोटालाही पुरत नव्हता. तरीसुद्धा माणसं शनिवारची वाट बघायची हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ज्याचं नाव घेतलं जाई तो सोमवारी वेळेच्या आधी यायचा. ज्याने नाव घेतलं त्याच्याशी त्याचं आपोआप सूत जमायचं. मालकांना जे फटक्याने जमलं नसतं ते त्या बुटक्या माणसाने नमस्काराने केलं. आणि खरं सांगायचं तर मीही वाट बघायचो. हात पुसल्यासारखं करत मागच्या बाजूला उभा राहायचो, चेहरा असा की आपल्याला काय त्याचं. माझ्या जिभेमुळे माझं नाव कोण घेणार? शनिवार संपला की खोलीवर जाऊन कंदिलाची काच पुसत बसायचो.

हंगाम संपून गाळप थांबलं की आमच्याकडे 'पट्टा पडला' म्हणतात. पट्टा पडला की कारखान्यात सत्यनारायण. पूजेला आजवर मॅनेजर नाहीतर मालकांपैकी कुणी बसत आले होते. साहेबांनी जाहीर केलं, यंदा सगळ्या खात्यांनी मिळून निवडलेला माणूस बसेल, जोडीने बसेल, आणि त्याचं नाव शेवटच्या शनिवारी फाटकाशी ठरेल. वसाहतीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. बायकासुद्धा पाण्याला जाताना हेच बोलत, कारण मान नवऱ्याचा असला तरी पाटावर त्यांनाही बसायचं होतं.

शेवटच्या शनिवारी मुकादम पुढे झाला. "आमी पंतांचं नाव घेतो," तो म्हणाला. "त्येंनी आमाला शिव्या लई दिल्या. पन निरोप धाडला की सोता चरकाशी जाऊन हळू करायचे, आमाला तोंडघशी कधी पाडलं न्हाई. आन्‌ जिना पुसनारा गडी आमाला दिसला न्हाई, त्येंना दिसला." बाकीच्या खात्यांनी माना डोलावल्या. मशीनवाले म्हणाले व्हय, बॉयलरवाले म्हणाले व्हय. साहेबांनी माझं नाव घेतलं आणि हात जोडले.

मला फार आनंद झाला. आणि त्याच क्षणी लक्षात आलं, अरे, जोडीने बसायचं आहे.

मुकादम फाटकापासून माझ्याबरोबर चालत निघाला. खुशीत होता. "आता वैनींना आना, पंत," म्हणाला. "त्यासाठीच तुमचं नाव लावून धरलं. मशीनवाले दुसऱ्याचं घेनार हुते, म्या त्येंना समजावलं. बाईमानसाला नवऱ्याचा मान डोळ्यांनी दिसला की ती ऱ्हाती बगा." म्हणजे या गृहस्थाने माझा संसार जुळवायचा घाट घातला होता. त्याला काय माहीत होतं आणि काय त्याने नुसतं ओळखलं होतं, ते मी विचारलं नाही. मी फक्त म्हणालो, आणतो.

आणि मलाही वाटलं, येईल. का नाही येणार? इतकी वर्षं मी तिला बोलावलं ते कशासाठी, तर त्याच पत्र्याखाली बसून माझी वाट बघायला. आता बोलावण्याजोगं काहीतरी माझ्या हातात होतं. सोमवारी स्टेशनवर जाऊन नगरची गाडी पकडली. गाडीत लष्करी जवानांची गर्दी, उभ्यानेच गेलो. मनात वाक्यं जुळवत होतो, ती सगळी गाडीतून उतरेपर्यंत विसरलो.

नालेगावात पोचलो तेव्हा सासरे ओट्यावर पान लावत बसले होते. "या जावईबापू," म्हणाले, आणि आत हाक न मारता तसेच बसून राहिले. विचारलं तर म्हणाले, "शाळेत गेलीय. येईल इतक्यात." कुठल्या शाळेत? त्यांनी पानाचा देठ खुडला. "मुलींच्या. शिकवायला. झालं वर्ष." म्हणजे प्रकृती नरम होती ती ही.

थोड्या वेळात ती आली. बाहीला खडूची पूड, मागून दोन परकऱ्या पोरी तिची पिशवी धरून. दारात पोरी म्हणाल्या, "बाई, उद्या आमची कविता आधी घ्याल?" "घेईन," ती म्हणाली. मला बघून थबकली, पण घाबरली नाही. चेहऱ्यावर एक तजेला होता. तो मी आमच्या वसाहतीत तिच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता, पण फाटकाशी, शनिवारी, पुष्कळांच्या तोंडावर पाहिला होता.

चहा ठेवून ती समोर येऊन बसली. मी पूजेचं सांगितलं. तिने सगळं विचारलं. नाव कुणी घेतलं, काय म्हणून घेतलं, अगदी शब्दांनिशी. मी मुकादमाची नक्कल करून सांगितलं तेव्हा ती हसली. "तुमच्याशी भांडणाऱ्याने तुमचं नाव घेतलं, हे फार छान झालं," म्हणाली. "मला खरंच आनंद झाला." मला वाटलं, आली ही. मी म्हटलं, मग गुरुवारी सकाळच्या गाडीने निघ, मी स्टेशनवर बैलगाडी घेऊन येतो.

"मी येणार नाही," ती म्हणाली.

"अगं, एका दिवसाचा प्रश्न आहे."

"म्हणूनच. गाठ मारून देवापुढे बसायचं, बायकांनी माझी ओटी भरायची, आता राहणार ना विचारायचं, आणि मी संध्याकाळी परत. देवापुढे नाटक कशाला करायचं?"

"मग राहा."

"तिथे मी कोण आहे?" तिने विचारलं. आवाज चढवला नाही. "इथे सकाळची घंटा झाली आणि मी नसले तर मुली दाराकडे बघत बसतात. परवा मोठ्या बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, खालचा वर्ग हिच्यामुळे वाचायला लागला. घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीला लागत नव्हते. तुम्ही शनिवारी फाटकाशी उभे राहिलात ना? मग तुम्हाला हे सांगायला नको."

मला राग आला. आला म्हणजे आला. चहा तसाच ठेवून उठलो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिचं म्हणणं मला समजलं होतं. ते समजलं नसतं तर तोंडाला येईल ते बोलून मोकळा झालो असतो. आम्ही दोघंही आपापल्या जागी कुणाच्या तरी डोळ्यांत भरलो होतो, आणि आता दोघांनाही ती जागा सोडवत नव्हती. मी पायऱ्या उतरलो तेव्हा ती मागून आली. "पूजेला नेसायला आहे का काही?" म्हणाली, आणि वडिलांचा रेशमी कद नीट घडी घालून माझ्या हातात दिला. सासरे तोवर आत गेले होते.

परत आलो ते कुणाला काही बोललो नाही. मुकादम भेटला, म्हणाला, येनार न्हवं? मी नुसता हुंकार दिला. त्याने तो त्याला हवा तसा घेतला.

पूजेच्या दिवशी मोठ्या शेडमध्ये मांडव घातला होता. केळीचे खांब, झेंडूच्या माळा, चरकांनासुद्धा हळदकुंकू. सगळी वसाहत लोटली होती. मी कद नेसून पाटावर बसलो, शेजारचा पाट रिकामा. बायका माना उंचावून बघत होत्या. भटजींनी विचारलं, "यजमानीणबाई कुठे आहेत?"

"येणार नाहीत," मी म्हणालो.

भटजी सरावलेले होते. "हरकत नाही, सोय आहे. सुपारी लावा." ही सोय मला माहीत होती, मीही भिक्षुकाच्याच घरातला. बायको परगावी असेल, बाळंतपणाला गेली असेल, तर नवरा कमरेला सुपारी खोचून बसतो. ती सुपारी म्हणजे बायको. वडिलांनी अशी कितीजणांना बसवलेली मी पाहिली होती आणि कधी त्याचं काही वाटलं नव्हतं. भटजींनी सुपारी दिली, मी ती कनवटीला खोचली. सगळ्यांच्या देखत. मुकादम खांबाला टेकून उभा होता, त्याचं तोंड एवढंसं झालं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती.

आरतीआधी साहेबांनी पुन्हा माझं नाव घेतलं आणि पॅनखातं माझ्याबद्दल काय म्हणालं तेही सांगितलं. माणसांना अभिमान वाटत होता, दिसत होतं ते. माझं काम कुणीतरी बघावं अशी माझी किती दिवसांची इच्छा होती. पण लोक एकदा बघायला लागले की हवं तेवढंच बघून थांबत नाहीत. माझ्या घरात कुणी नाही हेही त्या दिवशी सगळ्या कारखान्याने पाहिलं.

मग पंगती. त्या जातीजातीने वेगळ्या बसायच्या, काळ तसा होता, आणि साहेबही त्यात हात घालत नसत. मधोमध यजमान जोडप्यासाठी दोन पानं शेजारी शेजारी मांडलेली, दोन्हींभोवती रांगोळी. बायकांनी सकाळीच मांडली होती, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. स्टोअरकीपरच्या बायकोने वाढायला घेतलं आणि दुसऱ्या पानाशी थांबली. "हे उचलू का?" तिने हळूच विचारलं. मी म्हणालो, राहू द्या. तिला काय करावं कळेना, म्हणून तिने त्याही पानावर सगळं वाढलं. मीठ, लिंबू, कोशिंबीर, वरणभात, शिरा. यजमानाने सुरुवात केल्याशिवाय कुणी जेवत नाही, म्हणून सगळे माझ्याकडे बघत थांबले. माझा हात काही पानाकडे जाईना.

तेवढ्यात मुकादम पलीकडच्या पंगतीतून उठला. चालत आला आणि तिच्या पाटावर बसला. भटजींचा हात जागच्या जागी थांबला. साहेबांनी खाली बघून मुकाट्याने भात कालवायला घेतला.

"माझं चुकलं, पंत," मुकादम पुटपुटला. "तुमचं सगळं उघडं पाडलं म्या."

"जेवा," मी म्हणालो.

तो जेवायला लागला, मग मी, मग दोन्हीकडच्या पंगती. जेवता जेवता तो सांगत होता, औंदा चरक उघडून रोलर काढाल तवा आमची पॅनची मानसं धाडतो मदतीला, तुमचे एकट्याचे हात पुरायचे न्हाईत. तशी ती त्याने खरोखर पाठवली आणि पुढेही दर उन्हाळ्यात पाठवत राहिला. त्याच्यासारखा सोबती मला नोकरीत दुसरा मिळाला नाही. माझ्यासाठी तो सगळ्यांदेखत आपली पंगत सोडून आला होता, हे मला त्या क्षणीही कळत होतं. तरीही तो शिऱ्याचा घास घेत होता तेव्हा माझ्या मनात एकच चाललं होतं, की हे पान तिचं आहे, याने उठावं.